तक्ता पायाकडून भरा

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. समजण्यात चूक झाली असेल तर इथेच सापडेल. तुम्ही राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवता. डिसेंबरातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांकडून मानवाच्या पूर्वजांचा तुलनात्मक तक्ता करून घ्यायचा आहे. वरच्या ओळीत पाच नावं: ऑस्ट्रेलोपिथेकस, होमो हॅबिलिस, होमो इरेक्टस, निअँडरथल आणि आपण, म्हणजे होमो सेपियन. डाव्या बाजूला मेंदू, जबडा, दात, उंची, हात, पाय. चार पुस्तकं उघडली तर चार ठिकाणी वेगळे आकडे मिळाले, तेव्हा यातले खरे कोणते, असं तुम्ही विचारलंत. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंत की वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मग बारसूच्या सड्यावरची चित्रं यातल्या कोणी काढली?" (म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेली जुनी कातळशिल्पं), आणि तुम्ही "उद्या सांगतो" म्हणालात.

तो "उद्या" मला आवडला. त्या मुलीकडे शेवटी येते.

आकडे देईन, पण तुमची खरी अडचण मला आकड्यांची वाटत नाही, रांगेची वाटते. पाच नावं डावीकडून उजवीकडे लिहिली की मुलांच्या डोळ्यांसमोर ते ठरलेलं चित्र येतं: एक वाकलेला, चिंपांझीसारखा वानर, त्याच्यापुढे जरा कमी वाकलेला, मग आणखी कमी, आणि शेवटी ताठ चालणारा माणूस. त्या चित्राप्रमाणे सगळं शरीर एकदम, थोडं थोडं, एकाच दिशेनं बदलत गेलं. हाडांवरून तसं दिसत नाही. आपलं शरीर कोकणातल्या जुन्या घरासारखं आहे. जोतं पणजोबांनी घातलेलं, चिऱ्याच्या भिंती आजोबांच्या, वासे वडिलांनी बदललेले आणि पुढच्या पडवीचा पत्रा परवाच्या वादळानंतरचा. असं घर "कोणत्या सालचं" असं कुणी विचारलं तर आपण उलट विचारतो, "कुठला भाग?"

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. एकतीस वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. आता गुहागर तालुक्यात घरी असते. मी जीवाश्म खणून काढलेले नाहीत. त्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती हाताळल्यात, आणि आजच्या माणसाची हाडं मात्र इतकी की मोजदाद नाही. आमच्या विभागात पोलिसांकडूनही हाडं यायची, कधी गोणपाटात, कधी बिस्किटांच्या खोक्यात. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. माणसाचंच आहे ना? एकाचं की दोघांचं? बाईचं की पुरुषाचं? वय किती? या कामातून एक सवय लागली: हाड कुणाचं हे विचारण्याआधी सांधा बघायचा, कारण ते हाड काय काम करत होतं हे सांध्यावरून कळतं. इथे राहायला आल्यावर एक मुलगा किनाऱ्यावरून "लहान पोराचा हात" घेऊन आला, अगदी घाबरलेला. बोटांची हाडं खरंच ओळीनं होती. पण दंडाचं हाड आखूड आणि चपटं, आणि कोपर वाकेल असा सांधाच नाही. डॉल्फिनचा पर होता तो.

आता, काय कशावर अवलंबून आहे ते सांगून टाकते. पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत याची कारणं साधी आहेत. जीवाश्म थोडे, त्यातले बहुतेक फुटलेले, आणि कोणतं हाड कोणत्या नावाखाली घालायचं यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. त्यात नर-मादीतला फरक आणि मुलांची हाडं. एकच उदाहरण देते. केनियात तुर्काना सरोवराजवळ १९८४ साली कमोया किमेऊ यांना होमो इरेक्टसच्या एका मुलाचा सांगाडा सापडायला लागला. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा, जवळपास पूर्ण. मेला तेव्हा त्याची उंची १६० सेंमीच्या आसपास होती. तो मोठा झाला असता तर १८५ सेंमीचा झाला असता, असं आधी सांगितलं गेलं. पण तो हिशेब आजच्या मुलांच्या वाढीचा वेग धरून होता. दातांवरून तो आठ-नऊ वर्षांचाच निघाला, म्हणजे त्याची वाढ आपल्यापेक्षा लवकर उरकत होती. तसं धरून पुन्हा हिशेब केला तेव्हा १६३ सेंमी आले. हाडं तीच, आकड्यात मात्र वीतभर फरक. म्हणून तक्त्यात एकच आकडा लिहू नका. "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं लिहा, आणि ज्या चौकटीत माहिती नाही ती रिकामी सोडा. परीक्षक विचारतील. मुलांना सांगा, "हाड मिळालेलं नाही" हे उत्तर पूर्ण मार्कांचं आहे.

आता मुख्य मुद्दा. तक्ता डोक्याकडून भरू नका, पायाकडून भरा.

डोक्याकडून भरायची हौस जुनी आहे आणि तिनं एकदा जगाला चांगलं फसवलंय. १९१२ साली इंग्लंडमधल्या पिल्टडाउन इथे "पूर्वज" सापडल्याचं जाहीर झालं. कवटी माणसासारखी मोठी, जबडा वानराचा. मोठा मेंदू आधी आला आणि बाकीचं शरीर मागाहून सुधारलं, असं तेव्हाच्या अनेक विद्वानांना वाटायचं. हा नग त्यांच्या मनासारखाच होता. म्हणूनच तो चाळीस वर्षं टिकला. १९५३ साली उघड झालं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा आणि दात कानशीनं घासलेले. मधल्या काळात, १९२५ साली, रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंग इथल्या एका लहान मुलाची कवटी प्रसिद्ध केली होती. मेंदू वानराएवढा, पण कवटीच्या तळाचं छिद्र, जिथून मज्जारज्जू खाली उतरतो, ते मागे नसून पुढे सरकलेलं. म्हणजे डोकं मानेवर तोललेलं, म्हणजे शरीर उभं. बराच काळ त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लोक मेंदू शोधत होते आणि पुरावा मानेत होता.

मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात एक प्रयोग करायला लावायचे. मांडीचं हाड घ्या आणि गुडघ्याकडची दोन्ही गोल टोकं टेबलावर सपाट टेकवून ते उभं करा. ते सरळ उभं राहत नाही, वरचा भाग बाहेरच्या बाजूला झुकतो. माणसात हा कोन साधारण ८ ते ११ अंशांचा असतो. चिंपांझीचं हाड तसंच ठेवलं तर जवळजवळ सरळ उभं राहतं. याचा उपयोग काय? तुम्ही स्वतः पाय जुळवून उभे राहा. खुबे एकमेकांपासून लांब, पण गुडघे चिकटलेले. मांडी तिरकी उतरते. त्यामुळे एक पाय उचलला तरी दुसरा पाय शरीराच्या वजनाखालीच असतो. चिंपांझी दोन पायांवर चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे डोलतो, कारण त्याचे गुडघे खुब्यांच्या सरळ खाली, लांब लांब असतात. यातली गंमत पुढे आहे: जन्मलेल्या बाळाच्या मांडीच्या हाडात हा कोन नसतो. मूल चालायला लागलं की हळूहळू येतो. कधीच चालू न शकलेल्या मुलांच्या हाडात तो येत नाही. म्हणजे जीवाश्मात हा कोन सापडला, तर तो प्राणी चालू शकत होता एवढंच कळतं असं नाही; तो लहानपणापासून रोज चालत होता, हेही कळतं.

आणि तो सापडला. १९७३ साली इथिओपियातल्या हदारला डोनाल्ड जोहान्सन यांना एक गुडघा मिळाला, सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीचा, माणसासारख्या कोनाचा. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १९७४ला, त्याच भागात लूसी सापडली: ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस, सुमारे ३२ लाख वर्षं जुनी, सांगाड्याचा चाळीस टक्के भाग हाताशी. उंची अंदाजे १०५ ते ११० सेंमी, म्हणजे तुमच्या पहिली-दुसरीतल्या मुलीएवढी. तिचं कमरेचं हाड आखूड, रुंद, परातीसारखं पसरलेलं. चिंपांझीचं उंच आणि चपटं असतं. चालताना कंबर एका बाजूला कलू नये म्हणून जे स्नायू लागतात, त्यांना या पसरट हाडावर बाजूनं जागा मिळते.

पाऊल शिकवायला तुमच्यासारखी जागा मुंबईतल्या शिक्षकाला मिळणार नाही. ओहोटीच्या वेळी मुलांना आंबोळगडला किंवा वेत्येच्या किनाऱ्यावर न्या. ओल्या, घट्ट वाळूवर प्रत्येकाला अनवाणी दहा पावलं चालायला सांगा आणि मग वाकून ठसे बघायला सांगा. टाच खोल रुतलेली, मग तळव्याची बाहेरची कड, आतल्या कमानीखाली वाळू जवळजवळ न दबलेली, पुढे चवडा आणि शेवटी अंगठ्यानं मागे रेटलेली वाळू. अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत. आता टांझानियातल्या लाएतोलीच्या ठशांचा फोटो शेजारी ठेवा. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस पडला, त्या चिखलातून कुणी चालत गेलं आणि मग ती राख दगडासारखी घट्ट झाली. मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली ती वाट मिळाली. सुमारे ७० ठसे, २७ मीटरची वाट, वय जवळपास ३७ लाख वर्षं. टाच आहे, ओळीत असलेला अंगठा आहे. तुमच्या मुलांच्या ठशांशी सगळंच जुळणार नाही आणि ती चालण्याची ढब अगदी आपलीच होती का यावर अजून वाद आहेत. पण वानराचं पाऊल ते नव्हे, हे नववीच्या मुलाला कुणी न सांगता दिसेल.

इथेच रांग पहिल्यांदा मोडते. लाएतोलीच्या आधीचा, ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस दोन पायांवर चालत असावा असं कमरेच्या हाडावरून वाटतं, पण त्याचा पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला, फांदी पकडणारा. आणि इथिओपियात बुर्टेले इथे ३४ लाख वर्षांपूर्वीचं, तसंच फाकलेल्या अंगठ्याचं पाऊल मिळालंय. म्हणजे लूसीचे नातेवाईक आपल्यासारखी पावलं टाकत होते त्याच काळात, त्याच प्रदेशात, दुसरं कुणीतरी अजून झाडाला धरून होतं. कोण कोणाच्या पुढे, कोण मागे?

हात आणि दंड. लूसीच्या दंडाचं हाड सुमारे २३७ मिलिमीटर, मांडीचं २८१. भागाकार केलात तर ८४ टक्के येतात. आपल्यात हेच प्रमाण ७०च्या आसपास, चिंपांझीत १००च्या. पायांनी ती आपल्याकडची, हातांनी मधली. तिच्या जातभाईंची बोटं वाकलेली आहेत, फांदीवर लटकणाऱ्यांची असतात तशी. यावर जुना वाद आहे: ती खरंच झाडावर चढत होती, की हा नुसता वारसा अंगात राहिला होता? माळ्याला शिडी आहे म्हणून घरातली माणसं रोज माळ्यावर झोपतात असं नाही. पण बोटांचा वाक काही अंशी लहानपणी बोटं कशी वापरली त्यावरही ठरतो. म्हणून माझा कल "चढत असावी" याच बाजूला आहे. मुलं विचारतील, "आमच्याकडे माडावर चढणारे आहेतच की!" आहेत. पण ते पायाला दोरी लावून, चालण्यासाठी बनलेल्या पायानं चढतात. त्यांच्या पायाचा अंगठा झावळी पकडत नाही. या मुद्द्यावर वर्गात पंधरा मिनिटं सहज जातील, जाऊ द्या.

खांद्याचं एका ओळीत: वानरांच्या खांद्याची खोबण वरच्या दिशेनं वळलेली असते, आपली बाजूला. पाग, म्हणजे मासे धरायचं जाळं, फेकणाऱ्या माणसाचा हात मागे जाऊन जो फटकारा मारतो, तो या बाजूला वळलेल्या खोबणीमुळे जमतो.

दातांत एक मजेदार गोष्ट आहे आणि बहुतेक तक्ते ती चुकवतात. सुळे फार लवकर लहान झाले, आर्डिपिथेकसमध्येच ते बोथट दिसतात. पण दाढा? त्या "हळूहळू लहान होत गेल्या" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आधी त्या मोठ्या झाल्या! ऑस्ट्रेलोपिथेकसच्या दाढा आपल्यापेक्षा चांगल्याच रुंद, आणि १९५९ साली मेरी लीकींना ओल्डुवाईत मिळालेल्या पॅरान्थ्रोपस बॉइसीच्या तर जात्यासारख्या. त्याच्या कवटीवर मधोमध हाडाचा उभा कंगोरा आहे, कारण चावण्याचे स्नायू पार डोक्याच्या माथ्यापर्यंत चढलेले. तो आपला पूर्वज नव्हे. चुलत्यांची शाखा, होमोच्या शेजारीच राहिलेली आणि वंश न ठेवता संपलेली. होमोच्या शाखेत मात्र दाढा लहान होत गेल्या, आणि आज जबडा इतका आखूड झालाय की अक्कलदाढेला जागा नाही. दातांच्या ओळीत बाण काढायचाच तर तो आधी वर, मग खाली असा काढा.

भुवयांवरच्या हाडाच्या कंगोऱ्याचं असं: होमो इरेक्टसमध्ये तो जाड आडव्या पट्टीसारखा, निअँडरथलमध्ये दोन कमानींसारखा, आपल्यात जवळजवळ नाहीच.

आता मेंदू, ज्याचे आकडे तुम्हाला हवे होते. चिंपांझी साधारण ४०० घनसेंमी. ऑस्ट्रेलोपिथेकस ४०० ते ५५०. होमो हॅबिलिस ५०० ते ७००, काही कवट्या त्याहून थोड्या मोठ्या. होमो इरेक्टस: जॉर्जियातल्या द्मानिसीची १८ लाख वर्षांपूर्वीची एक कवटी ५४६ची, तुर्कानाचा मुलगा ८८०चा, आणि जावा बेटावरच्या उशिराच्या काही कवट्या १२००च्या घरात. निअँडरथलची सरासरी १४०० ते १५००. इस्रायलमधल्या अमुद इथली एक कवटी १७४०ची. आपली सरासरी १३५०च्या आसपास, पण धडधाकट, हुशार माणसांत हजार ते दोन हजार असा पल्ला सापडतो. होय, निअँडरथलचा मेंदू आपल्यापेक्षा लहान नव्हता. कवटीचा आकार वेगळा: लांबट, बसकी, मागे अंबाड्यासारखा फुगवटा. आणि हनुवटी नाही. पुढे आलेली हाडाची हनुवटी हे आपलं एकट्याचं लक्षण आहे, आणि तिचा उपयोग काय यावर अजूनही एकमत नाही.

हे आकडे कसे येतात ते सांगितलं की मुलं त्यांना देवाचं लिहिणं समजणार नाहीत. जुनी पद्धत म्हणजे कवटीत मोहरी भरायची, मग ती मोजपात्रात ओतायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एक कवटी मोजायला दिली. मी तीनदा मोजली, तीन वेगळे आकडे आले, सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात चाळीस घनसेंमींचा फरक. वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "ठोकून भरलीस की सैल?" आता काम स्कॅनरवर होतं. पण जीवाश्म फुटलेला असेल तर उरलेला भाग कुणाला तरी अंदाजानं जोडावाच लागतो.

पोलिसांचा "एकाचं की दोघांचं?" हा प्रश्न इथेही लागू आहे. युजीन द्युबुआ यांना १८९१ साली जावात कवटीचा वरचा भाग मिळाला आणि पुढच्या वर्षी, काही मीटर अंतरावर, मांडीचं हाड. मांडीचं हाड अगदी आपल्यासारखं, म्हणून त्यांनी नाव दिलं "इरेक्टस", म्हणजे ताठ उभा. पुढे अनेकांना शंका आली की ते हाड नंतरच्या माणसाचं असावं. इरेक्टस ताठ चालायचा हे खरंच आहे, तुर्कानाच्या मुलानं ते पक्कं केलं: लांब पाय, आखूड हात, अरुंद कंबर. पण ज्या हाडावरून नाव पडलं ते हाड त्याचं होतं का, हे सांगता येत नाही.

आणि सर, मुलांना निअँडरथल वाकलेला काढू देऊ नका. फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे १९०८ साली मिळालेल्या सांगाड्यावरून मार्सेलँ बूल यांनी त्याला गुडघे वाकवून, मान पुढे काढून उभा केला. ते चित्र जगभर गेलं. १९५७ साली दोन शरीरशास्त्रज्ञांनी तो सांगाडा पुन्हा तपासला. म्हातारा माणूस, पाठीच्या कण्याला वाईट संधिवात. सांधे झिजलेले असले की शरीर कसं दिसतं ते मला शिकवायची गरज नाही, माझाच डावा गुडघा आता बोलतो. एका आजारी म्हाताऱ्यावरून सबंध प्रजातीची चाल ठरवली गेली होती. एक गोष्ट आणखी: आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथलचा डीएनए एक ते दोन टक्के आहे. तुमच्या वर्गातही. तेव्हा "मागासलेला" हा शब्द तक्त्यावर नको.

इथवरचं एकदा क्रमानं लावते. दोन पायांची चाल आणि बोथट सुळे सगळ्यांत आधी, ४० लाख वर्षांपेक्षाही मागे. आपल्यासारखी शरीराची ठेवण, लांब पाय आणि आखूड हात, १५ ते १८ लाख वर्षांच्या सुमारास. मेंदूची मोठी वाढ मुख्यतः गेल्या २० लाख वर्षांतली. आपला चेहरा सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचा: मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या माणसांचा चेहरा आपल्यासारखा आहे, कवटी मात्र अजून लांबट. डोक्याची गोलाई त्यानंतर आली.

या क्रमाला धक्का देणारे दोघे जण तक्त्याच्या कडेला वेगळ्या पट्टीत ठेवा. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ साली मिळालेली होमो फ्लोरेसिएन्सिस: उंची सुमारे १०६ सेंमी, मेंदू जेमतेम ४००च्या वर, आणि काळ मात्र अलीकडचा. आणि दक्षिण आफ्रिकेतला होमो नालेडी: पाऊल आपल्यासारखं, बोटं वाकलेली, मेंदू ४६५ ते ६१०, आणि वय फक्त अडीच ते साडेतीन लाख वर्षं. जेबेल इरहूदच्या माणसांच्या आसपासच्या काळातला! जुनं आणि नवं एकाच अंगात. मुलांना तीन रंग द्या. वानरासारखं असेल तर मातकट, मधलं असेल तर पिवळं, आपल्यासारखं असेल तर हिरवं. नालेडीचा रकाना गोधडीसारखा दिसेल आणि परीक्षक तिथेच थांबतील. त्वचा, केस, ओठ, कान यांची ओळ मात्र घालू नका. ते जीवाश्मात राहत नाही, चित्रांतलं ते सगळं चित्रकाराचं.

आता त्या मुलीचा प्रश्न.

तिला सांगा, आपणच काढली. होमो सेपियननं. बारसू, उक्षी, कशेळी, देवीहसोळ इथल्या कातळशिल्पांच्या काळावरून अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यातला जुन्यात जुना अंदाज धरला तरी तो निअँडरथल संपून गेल्यानंतरचा. आणि निअँडरथल कोकणात आल्याचा पुरावा मुळातच नाही. कशेळीच्या सड्यावरचा तो प्रचंड हत्ती ज्यांनी कोरला, त्यांची हाडं मिळाली असती तर माझ्या विभागातल्या हाडांत मिसळून गेली असती.

ती पुढे विचारेलच, म्हणून: मग आपल्याकडे त्याआधीचं कुणी नव्हतं का? हत्यारं आहेत. गुहागरजवळ पालशेतच्या सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना पुराश्मयुगीन दगडी अवजारं मिळाली. पण नुसत्या हत्यारावरून हात कुणाचा ते कळत नाही. हाडं मिळत नाहीत याला आपला पाऊस आणि जांभा जबाबदार आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आम्लधर्मी माती. हाडातलं कॅल्शियम विरघळून जातं. आमच्या परसात पुरलेल्या कुत्र्याची हाडं काही वर्षांनी आंब्याच्या कलमासाठी खड्डा काढताना हाताला लागली, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. भारतातली जुनी महत्त्वाची कवटी नर्मदेकाठी मिळाली: मध्य प्रदेशात हथनोरा इथे, ५ डिसेंबर १९८२ला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना. ती त्यांनी इरेक्टसची मानली. पुढे काहींनी प्राचीन सेपियनची ठरवली. मेंदूचा अंदाज ११५५ ते १४२१. बघा, एकाच कवटीला एवढा पल्ला. तुमच्या चार पुस्तकांचं काही चुकलेलं नाही.

राहता राहिलं प्रदर्शनात हाताशी काय ठेवायचं. खरी कवटी नको आणि प्लास्टिकची महाग पडते. नारळ घ्या. खोबरं काढलेल्या दोन करवंट्या जोडून आत किती मावतं ते मोजा. आमच्या परसातल्या एका मध्यम नारळात ४५० घनसेंमी भरलं, म्हणजे लूसीच्या जातभाईंच्या मापाचं. तसे मोजून निवडलेत तर ऑस्ट्रेलोपिथेकसपुढे एक नारळ, तुर्कानाच्या मुलापुढे दोन, आणि आपल्यापुढे तीन. मुलांना स्वतः मोहरी भरू द्या, तीनदा, आणि तिन्ही आकडे तक्त्यावर लिहू द्या. मोहरी फक्त उन्हात वाळवून घ्या. आपल्याकडे ती डब्यातसुद्धा सर्दावते, मग दाणे चिकटतात आणि आकडा कमी येतो.